दोन चंपावती

(मांजरसुंबा इथल्या स्मृति-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय कळवला त्याच संध्याकाळी संयोजकांचा फोन आला. "सर, चौल म्हणजे अलिबागकडचंच ना? आपल्या लोकांना काय त्याचं?" प्रश्न रास्त होता. इथून चौल चारशे किलोमीटरच्या आतबाहेर. मधे बालाघाट उतरायचा, नगर, पुणे, मग सह्याद्री उतरायचा, मग खाडी. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिला तो मुंबईला दवाखान्याच्या कामानं गेल्यावर. मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी. पाहून पहिला विचार आला तो असा, की एवढं पाणी आणि प्यायला थेंब नाही. दुष्काळी भागातल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

पण आज ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या गुरुजींना हा विषय परका वाटला नसता. फळ्यावर नकाशा काढताना ते किनाऱ्यापासून सुरुवात करत नसत. आधी नद्या, मग डोंगर, मग गावं, गावांना जोडणाऱ्या वाटा आणि किनारा सगळ्यात शेवटी. आम्ही विचारायचो, "गुरुजी, आधी बाहेरची रेघ काढायची असते ना?" ते म्हणायचे, "आधी माल निघू दे, मग बंदर काढू." तेव्हा आम्ही हसलो. पुढं चाळीस वर्षं इतिहास शिकवला आणि लक्षात आलं, की बंदरांच्या इतिहासावरच्या पुष्कळ जाड पुस्तकांत जे सापडलं नाही ते या एका वाक्यात होतं. आज मी जे सांगणार आहे ते एवढंच आहे. चौल हे बंदर समुद्रानं जेवढं घडवलं त्याहून जास्त घाटमाथ्यानं घडवलं आणि ते उजाड झालं तेही घाटमाथ्यावरच्या वाटा फिरल्यामुळं. म्हणजे हा इतिहास आपलाही आहे.

आता शीर्षकाबद्दल. बीडला चंपावतीनगर म्हणतात हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. विक्रमादित्याची बहीण चंपावती, तिनं हे गाव घेतलं आणि आपलं नाव दिलं, अशी कथा. चौललाही परंपरेत चंपावतीच म्हणतात. शेजारचं रेवदंडा ते रेवती. चौलच्या नावाला चाफ्याच्या झाडांचा दाखला देतात. दोन्ही कथांना लेखी पुरावा मागू नका, मिळणार नाही. नावं सारखी म्हणून गावांचं नातं असतं असंही मी म्हणत नाही. मात्र नातं आहे आणि ते कथेपेक्षा पक्क्या पुराव्याचं आहे. तिकडं आपण जाऊच.

त्याआधी आपण जिथं बसलो आहोत ती जागा बघा. मांजरसुंबा हा बालाघाटाचा माथा. इथल्या पावसाचं पाणी एका अंगानं बिंदुसरेत जातं, तिथून सिंदफणेत, तिथून गोदावरीत. दुसऱ्या अंगानं मांजरेत जातं, ती मोठा वळसा घेऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. आष्टीकडचं पाणी सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत. कुठल्याही वाटेनं गेलं तरी ते पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. या जिल्ह्यातला एक थेंबही आपणहून अरबी समुद्राला जात नाही. माल मात्र दोन हजार वर्षं पश्चिमेला गेला, पाण्याच्या उलट, चढ चढून आणि मग कडा उतरून. पाण्याला उतार लागतो, मालाला गिऱ्हाईक. तांबडा समुद्र, अरबस्तान, इराण ही गिऱ्हाइकं पश्चिमेला होती.

याचा सगळ्यात जुना लेखी दाखला इसवी सनाच्या पहिल्या शतकातला आहे. नाव न सांगितलेल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गाची माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस' नावानं ती प्रसिद्ध आहे. खलाशांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकात आपली दोन गावं आहेत. एक पैठण, दुसरं तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशोब तो देतो. पैठणहून अकीकासारखे दगड येतात, तगरहून भरपूर साधं कापड आणि मलमल येते, सगळं गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून. तेर इथून फार दूर नाही. गोरोबा काकांच्या दर्शनाला आपण जातो, पण देवळातून निघून तिथल्या रामलिंगाप्पा लामतुरे संग्रहालयात किती जण जातात? तिथं रोमन धाटणीचे मातीचे दिवे आहेत, हस्तिदंती बाहुली आहे. इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिची ती जवळची बहीण शोभते. पॉम्पेई ज्वालामुखीत गाडली गेली ती इसवी सन ७९ मध्ये. तेव्हा मराठवाड्यातली वस्तू तिथल्या एका घरात होती, किंवा निदान तिच्याच घराण्यातली.

त्याच पुस्तिकेत कोकणच्या बंदरांची यादी आहे. सोपारा, कल्याण आणि सेमुल्ला, म्हणजे आपलं चौल. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत ते चेमुल म्हणून येतं, टॉलेमी त्याला सिमुल्ला म्हणतो. आणि तिथंच एक राजकारणही नोंदलेलं आहे. कल्याण पूर्वी राजमान्य बंदर होतं, आता सत्ता बदलल्यावर तिथं चुकून गेलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेतात, असं तो लेखक सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही बंदर चालणं न चालणं हे वाऱ्यापेक्षा घाट कुणाच्या ताब्यात आहे यावर होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

चौलवर पुढं उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य आलं. हे राजे ताम्रपटांत स्वतःला काय म्हणवतात? 'तगरपुरवराधीश्वर'. नगरांत श्रेष्ठ अशा तगरपुराचे स्वामी! राज्य समुद्रकाठी, गलबतांवर जकात, मासळीचा वास दारात आणि अभिमान कशाचा, तर तेरचा. आज मुंबईत तीन पिढ्या राहिलेला माणूस 'मूळ गाव कुठलं' म्हटल्यावर केज किंवा पाटोदा सांगतो, त्यातलाच हा प्रकार. राजांना तो बिरुदात कोरता आला एवढंच.

याच शिलाहारांच्या काळात अरब प्रवासी अल-मसूदी तिथं आला, इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास. चौलला अरब लोक सैमूर म्हणत. राजा होता झंझ शिलाहार, मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा मांडलिक. मसूदीनं लिहिलंय, की शहरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, इथंच लग्नं करून राहिलेले, इथंच जन्मलेल्या पोरांचे बाप. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुख्य राजानं नेमलेला. दहा हजार हा आकडा मोजून लिहिलेला नसणार. पण त्या काळात हजारो परदेशी लोक ज्या गावात घर करून राहतात, ते गाव कुणाच्या जिवावर जगत असेल? एवढी तोंडं चौलच्या नारळ-सुपारीवर जगली नसती.

जाता जाता एक. चौलजवळच्या आक्षी गावात शिलाहार राजा केशिदेवाचा शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे १०१२ साल असं त्याचं एक वाचन आहे आणि ते धरलं तर तो सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी एक ठरतो. काही अभ्यासक तो बराच नंतरचा मानतात, तो वाद चालू द्या. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात त्या 'विवेकसिंधू'च्या मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईला. एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला पोथी, मधे ही वाट.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा आवडता माणूस येतोय. अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वाटेत लुटला गेला, कर्ज डोक्यावर, परत गेलं तर सावकार दारात. म्हणून पुढंच गेला. होर्मुझला त्यानं एक घोडा घेतला आणि गलबतात घालून तो १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. घोडा त्याला शंभर रुबलला पडला होता. हिंदुस्थानात घोडे पैदास होत नाहीत, तिथं विकला तर दामदुप्पट, असं कुणीतरी त्याला सांगितलेलं. चौलला उतरल्यावर त्याला पहिलं काय दिसलं? लोक उघडे हिंडतात, डोकं झाकत नाहीत, केसांची एक वेणी घालतात. आणि सगळे मिळून त्याच्याकडंच बघतात, हा गोरा कोण म्हणून. पहिल्यांदा मुंबईला उतरलेल्या मला त्याचं दुःख कळतं.

निकितिन चौलला राहिला नाही. घोडा विकायला बंदर कामाचं नसतं, गिऱ्हाईक वर असतं. तो निघाला. पालीपर्यंत आठ दिवस, पालीहून उमरीला दहा दिवस, पुढं जुन्नर. वाटेत पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात, याचं त्याला नवल. घोड्यांना इथं हरभरे घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून चारतात, हेही तो नोंदवतो. परदेशी घोड्याला साखर-तुपाची खिचडी! शेतातल्या बैलाच्या वाट्याला तेव्हाही कडबाच असणार. जुन्नरला तिथल्या असद खानानं त्याचा घोडा जप्त केला. धर्म बदल, घोडाही देतो आणि हजार मोहरा वर, नाहीतर घोडा गेला आणि हजार मोहरा दंड, अशी अट. चार दिवसांची मुदत. एका खुरासानी सरदाराच्या रदबदलीनं तो सुटला, घोडाही सुटला. शेवटी तो घोडा विकला गेला बीदरला, वर्षभर पोसल्यावर. फायदा झाला असं काही दिसत नाही. परतीच्या वाटेत, घरी पोचण्याआधीच निकितिन वारला. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' हे त्याचं टिपण तेवढं घरी पोचलं. रेवदंड्याला आज त्याचा स्मारकस्तंभ उभा आहे.

निकितिनची गोष्ट मी एवढी लांबवली ती घोड्यासाठी. चौलला जहाजानं आलेला घोडा जुन्नरवरून बीदरला जातो. आळंदच्या जत्रेत विक्रीला वीस हजारांपर्यंत घोडे येतात, असं तोच सांगतो. खंडोबाच्या माळेगावला घोड्यांचा बाजार पाहिलेल्यांनी डोळ्यांपुढं ते चित्र आणावं. दख्खनच्या सुलतानांची लढाई घोड्यावर आणि घोडा समुद्रापलीकडचा. म्हणजे बंदर हे नुसतं कापड विकायचं दुकान नव्हतं, लष्कराची नाडी होती.

आणि आता ते नातं. १४८१ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानला मारण्यात आलं. त्यानंतर बीडचा प्रदेश मलिक हसन निजामुल्मुल्काच्या जहागिरीला जोडला गेला आणि जुन्नरला बसलेला त्याचा मुलगा मलिक अहमद कारभार पाहू लागला. या मलिक अहमदानं १४९० मध्ये स्वतंत्र होऊन निजामशाही स्थापली, अहमदनगर वसवलं, जे आता अहिल्यानगर झालं. चौल हे या राज्याचं समुद्रावरचं दार. आणि बीड याच राज्यात. दोन्ही चंपावती शंभर वर्षं एकाच राज्यात नांदल्या. फरमान एका गादीचं, जकात एका तिजोरीत.

त्या काळचं चौल एका पोर्तुगीजानं नीट पाहून ठेवलं आहे. दुआर्त बार्बोसा, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो सांगतो, की एरवी या गावात माणूस फार नसतं. डिसेंबर ते मार्च मात्र गावाबाहेर मोठा बाजार भरतो, वरच्या मुलखातून व्यापारी येतात, पालं ठोकून राहतात. माल येतो बैलांच्या पाठीवर. पाठीवर खोगिरासारखं पाठाण, त्यावर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लांब गोणी आणि वीस-तीस बैलांच्या मागं एक हाक्या. वरून काय येतं? गहू, ज्वारी-बाजरीसारखी धान्यं, तिळाचं तेल, कापूस, सुती कापड. खालून वर काय जातं? नारळ, सुपारी, मसाले, पारा, हिंगूळ आणि सगळ्यात जास्त तांबं. तांब्याची नाणी पाडायची, भांडी घडवायची. आपल्या आज्ज्यांच्या घरातला तांब्या, ज्याचं नावच धातूवरून पडलं, त्यातलं तांबं पुष्कळदा गलबतातून आलेलं होतं. समुद्र आपल्या देवघरात होता, आपल्याला माहीत नव्हतं.

वीस-तीस बैलांमागं एक माणूस. हा कोण, ते बार्बोसा सांगत नाही. नाव-गाव विचारण्याची त्याला गरज वाटली नसेल. पण या सभेत बसलेल्यांना तो ओळखू येईल. लमाण, वंजारी, बैलांच्या पाठीवर देश जगवणारी माणसं. तांडा, नायक, गोणी हे शब्द आपल्या भागात अजून जिवंत आहेत. इतिहासाची पुस्तकं व्हॉइसरॉय आणि सुलतान यांनी भरली, पण चौलच्या जकातनाक्यावर ज्याच्या मालावर पैसे मोजले गेले तो हाच. काळ बघा, डिसेंबर ते मार्च. पिकं निघालेली, वाटा कोरड्या, ओढ्यांना पाणी उरलेलं, गवत अजून हिरवं. आज दिवाळीनंतर याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातली माणसं बैलगाड्या ट्रकवर चढवून कारखान्यांकडं ऊस तोडायला निघतात. तांडा तसाच निघतो. फरक एवढाच, की तेव्हा बैल त्याचा होता आणि माल पोचवायचा ठरावही त्याच्या नायकाचा होता. आता उचल दुसऱ्याची असते. हे मी सहज बोललो नाही.

पोर्तुगीजांची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १५०८ मध्ये चौलच्या खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या आरमारानं त्यांना झोडपलं, व्हॉइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो तिथं मारला गेला. पुढल्याच वर्षी बापानं दीवला सूड घेतला. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाकडून त्यांनी किल्ला बांधायची परवानगी मिळवली. बदल्यात काय? घोडे. नगरच्या फौजेला घोडे येत राहतील ही हमी. १५२४ पर्यंत रेवदंड्याचा किल्ला उभा राहिला. दार आपलं, कडी दुसऱ्याच्या हातात, असा तो व्यवहार. वरचं चौल निजामशहाचं, खालचं चौल पोर्तुगीजांचं.

पन्नास वर्षांनी मुर्तजा निजामशहाला ही कडी बोचू लागली. १५७० च्या अखेरीस त्यानं रेवदंड्याला वेढा घातला. त्याच सुमारास विजापूरच्या आदिलशहानं गोव्याला घातला होता. कित्येक महिने तोफा चालल्या. १५७१ च्या पावसाळ्यात तह करून फौज वर निघून आली. कारण? इतिहासकार फरिश्ता लिहितो, की निजामशाही सरदार फितले. पोर्तुगीजांनी नजराणे दिले आणि नजराण्यांत मुख्य होती दारू. मोहिमा कशानं हरतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढं आणखी कारणं दिली आहेत, रसद, पाऊस, समुद्रातून शत्रूला मिळणारी मदत. ती खरीही असतील. पण आपल्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला फरिश्ता खोटा वाटत नाही.

हाच मुर्तजा निजामशहा बीडकरांना दुसऱ्या कामानं माहीत असायला हवा. इथून घाट उतरून बीडकडं जाताना रस्त्यालगत खजाना विहीर आहे. मुर्तजाच्या राज्यात, त्याचा वजीर सलाबतखान यानं १५८३ च्या सुमारास ती बांधवली. जमिनीखालून भुयारी पाट येतात, विहिरीत पाणी जमतं आणि तिसऱ्या भुयारानं उताराच्या शेतांकडं जातं. मोट नाही, बैल नाही, इंजिन नाही. चौलच्या वेढ्यात ज्या राजवटीची दारूगोळ्यावरची रक्कम वाया गेली, तिचीच ही विहीर. मी चौलला गेलो तेव्हा पडका तट पाहताना मला हीच विहीर आठवली. त्या राज्यानं किनाऱ्यावर जे गमावलं आणि बीडच्या शिवारात जे कमावलं, ते एकाच वहीत मांडून बघायला कुणा तरुण अभ्यासकानं हवं. विहिरीच्या बाजूनं रोज हजारो गाड्या जातात, थांबतात थोड्या.

नंतरचं लवकर आवरतो. १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईच्या टेकडीवरचा निजामशाही किल्लाही पोर्तुगीजांनी घेतला. १६०० मध्ये नगर मोगलांकडं गेलं, १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. १६८३ मध्ये संभाजीराजांनी रेवदंड्याला वेढा घातला, तो पडला नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि पुढच्या वर्षी तहात चौल-रेवदंडा मराठ्यांकडं आलं. पण तोवर त्या बंदरात घेण्यासारखं काय उरलं होतं?

चौल का बुडालं, याची ठरलेली उत्तरं तीन. खाडी गाळानं भरली. पोर्तुगीज दुबळे झाले. मुंबई वाढली. तिन्ही बरोबर आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. गाळ कोकणातल्या कुठल्या खाडीत भरत नाही? माझ्या मते चौलचा जीव १६३६ मध्येच गेला, फक्त देह पडायला शंभर वर्षं लागली. निजामशाही संपल्यावर नगरला घोडे, रेशीम, तांबं मागणारा दरबार राहिला नाही. दख्खनची सत्ता औरंगाबादला बसली आणि औरंगाबादचा माल सुरतेला जाऊ लागला. वाट फिरली. चौलचे रेशीम विणकर नावाजलेले होते, डच प्रवासी लिन्स्होटेननं सोळाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्या कामाची नोंद करून ठेवलीय. १६६८ मध्ये मुंबई इंग्रज कंपनीला मिळाली आणि काही वर्षांतच कंपनीनं चौलचे विणकर मुंबईत आणून वसवले. माणसंही फिरली. पुढं १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली. त्यानंतर घाटमाथ्याच्या कापसाला एकच समुद्र उरला, मुंबईचा. आणि बैलांच्या पाठीवरच्या गोणी उतरल्या त्या कायमच्या. चौल आणि तांडा दोन्ही एकाच रस्त्यानं संपवले.

इथल्या एका हॉटेलवाल्यानं मला आज दुपारी रबडी खाताना सांगितलं, "सर, रस्ता मोठा झाला तसं गिऱ्हाईक वाढेल वाटलं होतं. पण गाड्या आता थांबतच नाहीत पूर्वीसारख्या." मी त्याला म्हटलं, संध्याकाळी व्याख्यानाला ये, तुझ्याच धंद्यावर बोलणार आहे. आला असेल तर मागं बसला असेल. मांजरसुंबा हे चार दिशांच्या वाटांवर जगणारं गाव. बीडकडून येणारा, सोलापूरकडून येणारा, पाटोदा-जामखेडकडून येणारा आणि केज-अंबाजोगाईकडून येणारा, इथं भेटतो, चहा घेतो, गाडी बदलतो. दारावरचा हा धुळे-सोलापूर रस्ता पुढं विजापूर, हुबळी करत कर्नाटकातल्या अंकोल्याला थेट समुद्रावर संपतो, हे किती जणांना माहीत आहे? बंदरात आणि नाक्यात फरक पाण्याचा. बाकी दोघांचं पोट एकच, दुसऱ्यांच्या येण्याजाण्यावर चालणारं. आपल्या शिवारातला कापूस आजही समुद्र ओलांडतो. १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर चौलच्याच रायगड जिल्ह्यात आहे. बंदर बदललं, खाडी बदलली, डोंगरावरून खाली जाणं तेच.

मात्र वाट न येण्याचाही एक फायदा चौलच्या समोर पाहायला मिळतो. खाडीपलीकडं कोर्लई गाव आहे. तिथले ख्रिस्ती लोक घरात एक भाषा बोलतात, 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज शब्दांना मराठीची चाल लागलेली. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, रेवदंड्यात त्या भाषेचा मागमूस नाही, पण कोर्लईत ती टिकली. कारण खाडीवर पूल नव्हता. आता पूल आहे, पोरं मराठी शाळेत जातात, अलिबागला कामाला जातात. बोलणारे हजाराच्या आसपास उरलेत. रस्ता हवा की भाषा, असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही आणि विचारला असता तर त्यांनी रस्ताच मागितला असता. बीडकरांनी रेल्वेसाठी किती पिढ्या वाट पाहिली ते आठवलं, की मला त्यांना नावं ठेववत नाहीत.

चौलला मी तीनदा गेलो. आज तिथं शहर शोधायला गेलात तर सापडणार नाही. दाट वाड्या, नारळी-पोफळी, मधून जाणारा अरुंद रस्ता, रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी, टेकडीवर दत्ताचं ठिकाण, हिंगळजादेवीच्या डोंगरात बौद्ध लेणी. लोक सांगतात, इथं तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती. रेवदंड्याच्या तटात सातखणी मनोरा अर्धामुर्धा उभा आहे, बेने इस्रायलांचं सिनेगॉग आहे, तटाच्या आत लोकांच्या वाड्या आहेत. पोर्तुगीज चर्चच्या भिंतीवर पिंपळ.

शेवटच्या खेपेला एका वाडीवाल्यानं मला बसवून घेतलं. वय ऐंशीच्या घरात. 'कुठचे तुम्ही?' म्हणाला. बीडचा, म्हटलं. 'बीड म्हणजे घाटावर?' घाटावरून अजून बरंच आत, म्हटलं. मग गप्पांत चंपावतीचं निघालं, त्याला आमचीही चंपावती आहे ऐकून मजा वाटली. किती वेळ लागतो यायला? एसटीनं एक दिवस. 'आणि पूर्वी?' मी मनातल्या मनात हिशोब केला. लादलेला बैल दिवसाला तीन-चार कोस, मधे मुक्काम, चारापाणी, घाट. म्हटलं, महिनाभर तरी. तो थोडा वेळ गप्प बसला. मग शहाळं फोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "म्हणजे हे काय तुमच्याकडं पोचत नसेल. नारळच पोचायचा, तोही सुकलेला."

परत आल्यावर बायकोनं आमटीला वाटण करायला घेतलं. पाट्यावर सुकं खोबरं होतं.